बेकायदा राहणारा माणूस दंडानं परत जातो का माफीनं?

लूमवाला_अक्कलकोटरोड:
मंडळी, एमआयडीसीत आमचे टॉवेलचे आठ माग आहेत. समोरच्या टपरीवर चार दिवस एकच वाद चालू आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं १०४ भारतीयांना बेड्या घालून लष्करी विमानानं अमृतसरला आणून सोडलं, तो व्हिडिओ परत फिरायलाय. निम्मे म्हणतात, असंच पाहिजे, त्याशिवाय लोक थांबत नाहीत. निम्मे म्हणतात, पोटासाठी जातात बिचारे.

माझ्यापुरतं सांगतो. आमच्या जॉबरच्या (माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या) पोराला एक एजंट म्हणतोय, ‘आधी व्हिजिटवर दुबईला जा, वर्क परमिट तिथं करून देतो.’ नव्वद हजार मागतोय. पोरगा नववी नापास. भिंत, दंड, बेड्या यानं बेकायदा जाणं-राहणं खरंच कमी होतं का? आणि अशा एजंटाला आपलं सरकार आडवं येतं का नाही?

आऊटपास२०१८:
अण्णा, तुमच्या वादातला मुद्देमाल मीच आहे.

दुबईत एसी मेकॅनिक होतो. सोनापूरच्या कॅम्पात एका खोलीत आठजण. गेलो होतो अगदी कायदेशीर. कंपनीनं पाच महिने पगार थकवला, म्हणून बाहेर काम धरलं, तर तिनं माझ्यावरच ‘पळून गेला’ म्हणून केस टाकली. पासपोर्ट तिच्याच ऑफिसात, बुटाच्या खोक्यात रबर लावून ठेवलेल्या गठ्ठ्यात. वरून तिसरा माझा होता, डोळ्यानं बघितलेला. त्या दिवसापासून मी बेकायदा. ना कुठली तार ओलांडली, ना वाळवंट तुडवलं.

पहिल्याच महिन्यात घरी यायची तयारी होती. पण दंड रोज चढायलेला. विमानतळावर गेलं की आधी दंड भरा. भरायला पैसे पाहिजेत, पैशासाठी चोरून काम करा, आणि त्या कामाचा दिवस परत दंडात. घालवून द्यायला केलेल्या दंडानं मला चौदा महिने डांबून ठेवलं. चोरून कामाला ठेवणारा गाळेवाला निम्मी मजुरी द्यायचा. हा तक्रार करणार नाही हे त्याला ठाऊक होतं.

ऑगस्ट २०१८ मध्ये तिकडच्या सरकारनं माफी काढली. दंड माफ, परत यायला बंदी नाही. अल अवीरला तंबू ठोकलेले, उन्हात रांगा. पासपोर्ट नाही म्हणून वकिलातीतून आऊटपास काढला, घडी घातलेला एक कागद. मुदत डिसेंबरपर्यंत वाढवली म्हणून सुटलो. दिवाळी हुकली, पण जानेवारीत आपल्या गड्ड्याच्या जत्रेला घरी होतो.

आता पोराचं. दहावी पास नाही म्हणजे पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘जाण्याआधी सरकारी तपासणी लागेल’ असा शेरा येणार. यूएई धरून १८ देशांत कामाला जायचं तर त्याला सरकारी तपासणीतून जावं लागतं. करार सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर चढतो, दहा लाखांचा विमा निघतो, आणि नोंदणी असलेल्या एजंटाला ३० हजार अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. व्हिजिटवर पाठवलं की हे सगळं चुकवता येतं. नव्वद हजार त्याचेच. एजंटाला नोंदणी नंबर विचारा.

सात_रस्ता:
दादा, त्रास कळला. पण माफी म्हणजे रांगेत उभ्या राहिलेल्याची थट्टा. अमेरिकेनं १९८६ मध्ये माफी दिली, जवळपास २७ लाख लोक कायदेशीर झाले. पुढं काय? बिनकागदाचे लोक कोटीच्या वर गेले. एकदा माफी दिली की पुढचा म्हणतो, मलाही मिळेल.

पार्कचौक_ते_टेक्सास:
आकडे बरोबर, पण अर्धीच गोष्ट सांगितलीत. १९८६ च्या कायद्याला दुसरी बाजू होती: बेकायदा माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाला दंड. तीच लंगडी पडली. मालकानं ‘जाणूनबुजून’ ठेवलं हे सिद्ध करावं लागायचं, आणि कागद दिसायला खरा असला की त्याची जबाबदारी संपली. खोट्या कार्डांचा धंदा तिथून फोफावला. आणि कायदेशीर वाट अरुंद: शेती सोडून हंगामी कामाच्या एच-टू-बी व्हिशाला कायद्यात वर्षाला ६६ हजारांची मूळ मर्यादा आहे. हॉटेलं, बागकाम अशी कामं त्यातच येतात.

१९९६ मध्ये आणखी एक केलं. वर्षभर किंवा जास्त बेकायदा राहून जो देशाबाहेर पडेल, त्याला दहा वर्षं बंदी. मग बाहेर कोण पडतो? आऊटपासभाऊंच्या दंडाचाच मोठा भाऊ.

आऊटपास२०१८:
सात रस्तावाल्यांचं एक मान्य. नुसती माफी पुरत नाही, यूएईला २०२४ मध्ये परत काढावीच लागली. पण त्याच वर्षी त्यांनी दुसरंही केलं. परमिटशिवाय कामाला ठेवणाऱ्याला, किंवा माणूस आणून काम न देणाऱ्याला, एक लाख ते दहा लाख दिरहम दंड. आधी पन्नास हजार ते दोन लाख होता. माझ्या वेळी असा दंड खरोखर वसूल झाला असता, तर गाळेवाल्यानं मला दारात उभं केलं नसतं. उपाशी राहिलो असतो ते वेगळं, पण पहिल्याच महिन्यात कुठल्या तरी ऑफिसात जाऊन ‘मला घरी पाठवा’ म्हणून बसलो असतो.

बेड्यांचं मला विचारू नका. तो व्हिडिओ मी पूर्ण बघितलेला नाही.

लूमवाला_अक्कलकोटरोड:
एजंटाला नंबर विचारला. ‘व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो’ म्हणाला, दोन दिवस झाले, टाकायलाच तयार नाही. पोराचं जाणं तूर्त थांबवलंय.

जॉबरला हे सगळं बसवून सांगितलं. कानावर मागाचा खडखडाट, तो तेलाचा हात पुसत ऐकत होता. शेवटी म्हणाला, ‘मालक, मग तुम्हीच पगार वाढवा की, पोरगं कशाला जातंय?’ त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.