गरोदरपणात नमुना द्यायची घाई नको

एका ताईंनी विचारलंय, पोटात बाळ असतानाच बाप कोण हे तपासायला नमुना कसा द्यायचा. ताई, आईच्या रक्तातून किंवा गर्भजलातून बाळाचा डीएनए मिळतो, हे खरं. पण १९९४ च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्यात गर्भतपासणी ठरावीक आजारांसाठीच चालते, उदाहरणार्थ आपल्याकडचा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. पितृत्व त्यात बसत नाही. आणि कोणाच्या संशयापायी गर्भजल काढायला पोटात सुई घालून लेकराचा जीव धोक्यात घालू नका, कळकळीनं सांगतो.

बाळंतपणानंतर सोपं आहे. कापसाची काडी गालाच्या आतून फिरवायची, बाळाच्या आणि बापाच्याही. बापानं खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) थुंकून नीट चूळ भरावी, नंतर तासभर काही खाऊ नये. बाळाला दूध पाजूनही तासभर झालेला असावा. काडी हवेत वाळवून कागदी पाकिटातच ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल राहून बुरशी धरते. कोर्टात प्रकरण असेल तर मात्र घरी घेतलेल्या नमुन्यावर विसंबू नका, वकिलांना विचारा.