सोसायटी ग्रुप, बदलापूर पश्चिम : आधी तिसरी-चौथी लाईन!

बी-२०३: आज पुन्हा मेल पुढे काढली आणि आमची लोकल फलाटावर २० मिनिटं उभी. शेजारच्या मुलीच्या सॅकचा पट्टा माझ्या घड्याळात अडकला, तो सोडवायला हात हलेना. डोंबिवली गेल्यावर सुटला. इथे दोनच रूळ, त्यावरच मेल, मालगाडी आणि आपण. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाईन २०१९ ला मंजूर झालीय!

ए-४०१ (काका): अहो, विरार-अलिबाग कॉरिडॉर, तो नवा महामार्ग, येतोय ना. सव्वाशे किमी, मधोमध मेट्रोला जागा. आपल्या भागाचं सोनं होईल.

बी-२०३: काका, जेएनपीटी बंदराचे कंटेनर ठाणे-घोडबंदरमध्ये न शिरता बाहेरून अहमदाबाद, नाशिक हायवेला लागतील, हे चांगलंच आहे. पण मला रोज दादर गाठायचंय. आधी तिसरी-चौथी लाईन.

सी-१०२ (ताई): माझं माहेर पेणकडे, बाळवलीजवळ. भावाच्या वालाच्या शेतात बांधाला लागून या कॉरिडॉरच्या खुणेचा दगड रोवून गेलेत. पेरावं की नको, तेच कळेना.

ए-४०१ (काका): ताई, मोबदला मिळतोच की.

सी-१०२ (ताई): दर ऐकलाय का तुम्ही? प्रकल्प आधी एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्राधिकरण), मग एमएसआरडीसीकडे (राज्य रस्ते विकास महामंडळ). आई विचारते, आता अर्ज कुणाला द्यायचा? सांगा काय सांगू.

ए-१०४: रस्त्यांचा विषय निघालाच आहे तर माझ्या पार्किंगमधली पांढरी गाडी आधी हलवा 🙏

बी-३०१: 😂😂 आधी तो कॉरिडॉर मोकळा करा

सेक्रेटरी: पार्किंगचा वेगळा ग्रुप आहे. कृपया.

ए-१०४: तिथे तुम्ही उत्तर देत नाही, म्हणून इथे.

सी-४०३: पनवेल-कर्जत नव्या लाईनवरच्या लोकलने गर्दी कमी होईल. वावर्ल्याचा बोगदा खणून झालाय, २.६ किमी, ठाण्याजवळच्या पारसिक बोगद्याच्या जवळजवळ दुप्पट.

बी-२०३: कर्जत-नेरळवाल्यांची होईल, आनंदच आहे. बदलापूरचा माणूस उलटा कर्जतला जाणार का? आधी तिसरी-चौथी लाईन.

बी-३०१: दादा, कळलं. तिसऱ्यांदा 🙂

बी-२०३: तुमचं वर्क फ्रॉम होम आहे. रोज लटकलात की तुम्हीही म्हणाल.

ए-३०२ (काकू): भांडू नका रे. २७ जुलै २०१९ आठवा. वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, बोटींनी माणसं काढली. रूळ टाका, रस्ता टाका, पण एवढा भराव घातल्यावर उल्हासचं पाणी जाणार कुठून? मोऱ्या किती ठेवणार ते आधी लेखी मागा.

बी-३०१: काकू बरोबर. आणि सॉरी दादा.

सेक्रेटरी: निवेदन लिहू. रविवारी सकाळी वॉचमनच्या केबिनमध्ये सह्या.

सी-१०२ (ताई): सही करते. पण ज्यांच्या जमिनी जातायत त्यांचाही मुद्दा घाला.

बी-२०३: घालतो ताई, काकूंच्या मोऱ्याही घालतो. पण पहिली ओळ तिसऱ्या-चौथ्या लाईनचीच.

ए-१०४: पांढरी गाडी अजून तिथेच आहे.