'क्राय' : रडणे की ओरडणे?

'क्राय' म्हणजे रडणे, हे आपण शाळेत इतक्या लवकर पाठ करतो की पुढे 'बॅटल क्राय' किंवा 'क्राय फॉर हेल्प' असे प्रयोग समोर आले म्हणजे त्यांचा रडण्याशी मेळ कसा घालावा, असा प्रश्न पडतो. असा मेळ घालण्याची मुळात गरजच नाही, कारण ओरडणे, हाक मारणे, पुकारा करणे हा या शब्दाचा आधीचा अर्थ असून रडण्याचा अर्थ त्याला मागाहून चिकटला आहे.

१६११ साली प्रसिद्ध झालेल्या किंग जेम्स बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. लाजर मरण पावल्यावर येशू रडतो ते पस्तिसाव्या वचनात, आणि तेथे क्रियापद आहे 'वेप्ट'. त्रेचाळिसाव्या वचनात मात्र तो 'क्राइड विथ अ लाउड व्हॉइस', म्हणजे मोठ्याने हाक मारून लाजराला कबरीबाहेर बोलावतो. शाळेत पाठ केलेला अर्थ येथे लावला, तर मृताला उठवणारी आज्ञा हे नुसते विलाप करणे ठरेल. अश्रू ढाळण्याच्या अर्थानेही 'क्राय' तोवर रुळला होता. तरीही भाषांतरकारांनी अश्रूंसाठी 'वीप' आणि आवाजासाठी 'क्राय' अशी वाटणी येथे नेमकी पाळली आहे.

हा शब्द इंग्रजीत आला तो तेराव्या शतकाच्या सुमारास, जुन्या फ्रेंचमधून, आणि फ्रेंचमध्ये लॅटिन 'क्विरितारे'वरून. इ. स. पूर्व पहिल्या शतकातील रोमन पंडित व्हारो याने या क्रियापदाची जी फोड केली आहे, ती मोठी आकर्षक आहे : 'क्विरितेस' म्हणजे रोमचे नागरिक, आणि संकटात सापडलेल्या माणसाने त्यांच्या नावाने केलेला धावा म्हणजे 'क्विरितारे'. आजचे अभ्यासक हिच्याकडे संशयानेच पाहतात व हा शब्द निव्वळ आवाजाच्या अनुकरणातून आला असावा, असे मानणारेही आहेत. मलाही व्हारोची फोड जरा जास्तच सुबक वाटते. इतक्या नेटक्या व्युत्पत्त्या बहुधा शब्दानंतर रचलेल्या असतात.

त्याच लॅटिन शब्दाची फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिशमधील वंशज क्रियापदे आजही मुख्यतः ओरडण्यापुरतीच वापरली जातात. रडण्यासाठी फ्रेंच आणि स्पॅनिशने वेगळे लॅटिन क्रियापद घेतले, ते 'प्लोरारे'. पण त्याच्याही मुळाशी मोठ्याने आक्रोश करणेच आहे, आणि 'इम्प्लोर' म्हणजे याचना करणे हा इंग्रजी शब्द त्याच घरातला. इतकेच काय, ज्या 'वीप'ला आपण निःशब्द अश्रूंचा शब्द समजतो, त्याचा गॉथिक भाषेतील भाऊबंद हाक मारणे याच अर्थाचा आहे. घशातून निघालेला शब्द डोळ्यांपर्यंत पोहोचण्याचा हा प्रवास एकट्या 'क्राय'चा नाही.

आपले 'रडणे'ही याच वाटेने आले आहे. संस्कृतात 'रट्' म्हणजे ओरडणे, किंचाळणे. प्राकृतात त्याचे 'रडइ' झाले आणि मराठीत व गुजरातीत ते अश्रूंना बांधले गेले. 'क्रन्द्' धातूचेही तसेच : वेदांत तो घोड्याच्या खिंकाळण्यासाठीसुद्धा येतो, तर आपले 'आक्रंदन' आता दुःखाखेरीज कशालाच चालत नाही.

इंग्रजीत मात्र जुना अर्थ मावळला नाही. गावात दवंडी देणारा तो 'टाउन क्रायर'. चोर दिसताच आरडाओरडा करून सर्वांनी त्याच्या मागे धावायचे, हे इंग्लंडमध्ये कायद्याने बंधनकारक होते आणि १२८५ च्या विंचेस्टर कायद्याने ते पक्के केले. 'ह्यू अँड क्राय' हा वाक्प्रचार तिथला. मुंबईच्या शेअर बाजारात १९९५ मध्ये संगणकीय व्यवहार सुरू होईपर्यंत दलाल रिंगणात उभे राहून, हातवारे करीत, ओरडून भाव पुकारत असत. त्या पद्धतीचे नाव 'ओपन आउटक्राय', आणि त्या गलक्यात रडण्याचा संबंध असलाच तर तो सौदा बुडालेल्यांपुरता.

भाषांतर करताना आधी पाहावे ते पुढचे शब्दयोगी. 'क्राय आउट' म्हणजे ओरडणे किंवा किंचाळणे. 'क्राय टू' म्हणजे बहुधा हाक मारणे किंवा धावा करणे. 'क्राय ओव्हर' म्हणजे एखाद्या गोष्टीपायी रडत बसणे. 'क्राय फॉर' मात्र दोन्हीकडे जातो : मूल आईसाठी रडते, आणि बुडणारा मदतीसाठी टाहो फोडतो. 'क्राइंग नीड'ला निकडीची गरज एवढे पुरे, तेथे अश्रू आणू नयेत.

खरी अडचण येते ती कादंबरीतले साधे 'शी क्राइड' मराठीत आणताना. ती मुसमुसली, हुंदके देऊ लागली, तिने हंबरडा फोडला की लहान मुलीसारखे भोकाड पसरले, हे इंग्रजी क्रियापद सांगत नाही, आणि मराठी वाचकाला आवाज किती झाला हे कळण्याची सवय असते. संदर्भाने काहीच सुचवले नसेल, तर 'तिला रडू कोसळले' यापेक्षा नुसते 'ती रडली' हेच मी पसंत करीन, कारण कोसळण्याचा जोर मूळ वाक्यात नाही.