मदत हवी आहे: सामायिक बागेत पाणी घालायला सगळे, खुरपायला कुणीच नाही

नमस्कार मंडळी,

गेले चार महिने मी एका सामायिक बागेत स्वयंसेवक म्हणून जाते. १४ वाफे, कंपोस्टचा एक खड्डा, अवजारांची खोली आणि यादीत २२ जणांची नावं. जमीन सगळ्यांची, येईल ते पीकही सगळ्यांचं. कुणावर सक्ती नाही. सुरुवातीला मला झाडांतलं फारसं कळत नव्हतं, आता सकाळी जाग आली की आधी बाग आठवते. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

अडचण पाण्यापासून सुरू झाली. झारी हातात घ्यायला सगळ्यांनाच आवडतं. सकाळी फिरायला येणारे पाणी घालतात, दुपारी मुलांना घेऊन येणारे घालतात, संध्याकाळी कामावरून परतणारे "माती सुकल्यासारखी वाटली" म्हणून पाईप सोडतात. आज अजून कुणी घातलं नसेल असंच प्रत्येकाला वाटतं. नळाजवळच्या सहाव्या वाफ्यात टोमॅटो आहेत. त्यांची खालची पानं पिवळी पडली, भर दुपारी रोपं माना टाकायला लागली. माना टाकल्या म्हणून आणखी पाणी! मागच्या आठवड्यात एक रोप मी अलगद उपटून बघितलं. मातीला आंबूस वास येत होता. पांढरी असायला हवीत ती मुळं तपकिरी झाली होती, आणि एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून आली, आत दोऱ्याएवढा गाभा उरला. मातीत सतत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी वर चढवता येत नाही, म्हणून ओल्याचिंब मातीतलं झाड तहानलेलं दिसतं. हे मला तेव्हा कळलं. ते रोप हातात घेऊन मी बराच वेळ तिथेच बसून होते.

आणि त्याच दिवशी अकराव्या वाफ्यात, जिथे पाईप पोचत नाही, मिरच्यांच्या मुळाशी बोट खुपसलं तर दुसऱ्या पेरापर्यंत माती कोरडी ठणठणीत.

खुरपणीचं तर विचारूच नका. सगळीकडे लव्हाळा माजलाय. येणारा वरची पाती खुडतो, वाफा स्वच्छ दिसतो, आठ दिवसांत पुन्हा हिरवागार. पहिले दोन महिने मीही तेच केलं. मग एकदा खुरपं खोल घातलं तर खाली काळ्या गाठी, एकीला दुसरी, दुसरीला तिसरी जोडलेली. ओंजळभर मातीत अकरा निघाल्या.

बाग सुरू करणाऱ्या काकूंना यातलं सगळं ठाऊक आहे, पण गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नाही. त्या बाकावरून सांगतात, समोर असेल तो ऐकतो, बाकीच्यांपर्यंत ते जातच नाही. मी ग्रुपवर वेळापत्रक टाकून बघितलं. पहिला आठवडा सगळ्यांनी पाळलं, तिसऱ्या आठवड्यात कुणी उघडूनही बघितलं नाही. रागवायचं कुणावर? सगळे आपापल्या वेळातून वेळ काढून येतात. एक आजोबा रोज न चुकता येऊन पाणी घालतात. काकू म्हणतात, घरी एकटे पडल्यापासून त्यांचा दिवस त्या झारीवर उभा आहे. त्यांना "आज नका घालू" म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तर, पाणी घातलंय की नाही हे पुढच्याला कसं कळावं? लव्हाळ्याचं काय करावं? आणि लोकांचं मन न दुखवता कामं कशी वाटावीत? कंपोस्टलाही वास मारतोय, त्याबद्दल कुणाला माहीत असेल तर तेही सांगा.

प्रतिसाद:
ताई, वेळापत्रक मोबाईलमध्ये नको, वाफ्यावर हवं. आम्ही प्रत्येक वाफ्याच्या कोपऱ्यात एक चपटा दगड ठेवलाय, एक बाजू रंगवलेली. पाणी घातलं की रंग वर. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला येईल तो सगळे दगड उलटे करतो. लहान मुलांनाही समजतं. दुसरं म्हणजे, रंग दिसत नसला तरी आधी बोट खुपसायचं. माती मुठीत दाबून तिचा लाडू वळला आणि टिचकीने फुटला तर वाफसा आहे, पाणी नको. वाफसा हा एक शब्द सगळ्यांच्या तोंडी बसवा, निम्मं काम होईल. वाफ्यांवर तीन बोटं जाडीचा पालापाचोळा पसरा, फक्त खोडाला चिकटू देऊ नका. माती उघडी दिसली की हात झारीकडे जातोच.

प्रतिसाद:
लव्हाळा खुडून कधीच जात नाही. तो गाठींत साठवलेल्या अन्नावर पुन्हा उगवतो. माती ओलसर असताना खुरप्याने गाठीसकट काढा, आणि राहिलेले कोंब दोन-तीन आठवडे व्हायच्या आत पुन्हा काढा, म्हणजे नव्या गाठी धरायला वेळ मिळत नाही. काही महिने चिकाटी लागते. गाठी कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका, कडक उन्हात पूर्ण वाळवा. कंपोस्टचा वास म्हणजे ओला कचरा जास्त, सुका कमी, आणि आत हवा नाही. ओल्याच्या दुप्पट सुकी पानं मिसळून सगळं खालीवर करा. हातात घेऊन पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा इतपतच ओल हवी.

प्रतिसाद:
आमच्याकडेही हेच चाललंय. वाचतोय.

प्रतिसाद:
माणसांच्या प्रश्नाबद्दल लिहिते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते नेमक्या याच विषयावरच्या कामासाठी. सामायिक कुरणं, जंगलं, पाटाचं पाणी लोक पिढ्यानपिढ्या कसं सांभाळतात हे त्यांनी अभ्यासलं. जिथे वापरणाऱ्यांनीच नियम ठरवले आणि देखरेखही आपसांत ठेवली, तिथे ते टिकलं. तुमचं वेळापत्रक तुम्ही एकटीने केलंत, म्हणून ते तुमचंच राहिलं. सगळ्यांना वाफ्यांपाशी बोलवा, ते रोप दाखवा, आणि नियम त्यांनाच करू द्या. प्रत्येक वाफ्याला एक पालक असू दे. आणि आजोबांची झारी काढून घेऊ नका हो. ज्या वाफ्याला पाण्याची गरज आहे तो त्यांना द्या.

मूळ धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी ११ जण जमले. मी काही बोलले नाही, फक्त कुजलेलं मूळ आणि लव्हाळ्याची माळ हातोहात फिरवली. दगडांची कल्पना सगळ्यांना आवडली, मुलांनी तिथेच रंगवून टाकले. पहिल्या दिवशी दोन दगडांचा घोळ झाला, पण सहाव्या वाफ्यात पाच दिवस कुणी पाणी घातलेलं नाही.

आजोबांना अकरावा वाफा दिला. नळ लांब आहे म्हणून तिथे झाकणाचा एक पिंप ठेवला, जो पाईप घेईल तो भरून ठेवतो. काल मी गेले तेव्हा ते मिरचीच्या मुळाशी बोट खुपसून बसले होते. मला हाक मारून म्हणाले, "पोरी, आज हिला नको. वाफसा आहे." झारी शेजारी भरलेली तशीच होती. काकू आता कुंडीभर माती मांडीवर घेऊन बाकावरूनच नव्या लोकांना मुठीत लाडू वळायला शिकवतात.

खुरपणीला मात्र अजून चारच जण येतात. आणि एक नवा प्रश्न आहे. सहाव्या वाफ्यातली बरीच रोपं गेली. टोमॅटो, मिरची, वांगी एकाच कुळातली, त्यामुळे तीच लगेच पुन्हा लावायला मन घेत नाही. वाफा उकरून काही दिवस उन्हात तापू द्यावा आणि मग घेवडा लावावा असं काकूंचं मत आहे. त्या वाफ्यात पाणी मुळातच मुरत नाही, म्हणून तो वीतभर उंच करून घ्यावा असं मला वाटतं. अशा वाफ्याचं कुणी काय केलंय? माती उचलायला पुढच्या रविवारी माणसं आहेत, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.