आयपॅडचं अपडेट लॅपटॉपवरून करायचंय, गाणी न गमावता

प्रश्न: षड्ज_पंचम

आयपॅड नववी पिढी, ६४ जीबी. त्यात १८ जीबी गाणी, बहुतेक नाट्यसंगीत आणि अभंग, स्वतःच्या सीड्यांवरून काढलेली एमपी३. मूळ फाइल्स बाहेरच्या हार्डडिस्कवर आहेत. लॅपटॉप विंडोज ११ चा. टॅबवर जेमतेम ४ जीबी मोकळी असल्यामुळे वायफायवरून अपडेट घेता येत नाही, म्हणून केबल लावून करायचं आहे. लॅपटॉपवर आयट्यून्स आधीपासून आहे, नुकतंच 'ॲपल डिव्हायसेस'ही घेतलं आणि आता आयट्यून्समध्ये आयपॅड दिसत नाही. तीन शंका:

नेमकं कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं? अपडेटमध्ये गाणी पुसली जातात का? आणि नंतर सिंक करताना, म्हणजे लॅपटॉपवरची गाणी टॅबशी जुळवताना, 'इरेझ अँड सिंक' असं विचारलं तर काय दाबायचं?

प्रतिसाद १: केबलवाला

पहिली शंका आधी. आयपॅड न दिसणं हा बिघाड नाही. विंडोजवर आयट्यून्सचं काम तीन ॲपमध्ये वाटून दिलंय: गाण्यांना ॲपल म्युझिक, व्हिडिओला ॲपल टीव्ही, आणि बॅकअप, अपडेट, सिंक यांना ॲपल डिव्हायसेस. मॅकवर ही वाटणी २०१९ मध्येच झाली. ॲपल डिव्हायसेस बसवलं की आयट्यून्स उपकरणाकडे बघणं सोडून देतं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे असं करू नका. एक तर तिन्ही ॲप घ्या, नाहीतर तिन्ही काढून जुन्या आयट्यून्सवर राहा. ॲपल म्युझिक पहिल्यांदा उघडल्यावर आयट्यून्सची लायब्ररी आणि प्लेलिस्ट आपोआप उचलतं.

आता अपडेट. केबलवरून करताना फाइल लॅपटॉपवर उतरते आणि तिथेच उलगडते, म्हणून टॅबवर फारशी जागा लागत नाही. पण वायफायवर फक्त बदललेला भाग येतो, इथे अख्खी प्रणाली येते, म्हणजे काही जीबींचं डाउनलोड. त्यात बॅकअपही सी ड्राइव्हवरच जातो. तिथे ३०-४० जीबी मोकळी ठेवूनच बसा.

आधी बॅकअप घ्या. ॲपल डिव्हायसेसमध्ये 'जनरल'खाली संगणकावर बॅकअप निवडा, 'एन्क्रिप्ट लोकल बॅकअप'वर (म्हणजे पासवर्डने कुलूपबंद बॅकअपवर) खूण करा, पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. एन्क्रिप्ट केल्याशिवाय साठवलेले पासवर्ड आणि वायफायच्या नोंदी बॅकअपमध्ये येत नाहीत. त्यानंतर 'चेक फॉर अपडेट', मग 'अपडेट'. शेजारी 'रिस्टोअर' असतं, त्याला हात लावायचा नाही. अपडेट माहिती ठेवतं, रिस्टोअर टॅब कोरा करतं. गाणी अपडेटमध्ये जात नाहीत. मात्र रिस्टोअर करायची वेळ आली तर बॅकअपमधून ती परत येणार नाहीत, कारण संगणकावरून सिंक केलेली गाणी आणि व्हिडिओ बॅकअपमध्ये धरलेच जात नाहीत. बाहेरची हार्डडिस्क हाच तुमचा गाण्यांचा बॅकअप. तिची एक प्रत करून ठेवाच.

प्रतिसाद २: रात्रपाळी

केबलवाला यांनी स्वतःच्या खात्याचं राहूनच दिलं! अपडेट मध्येच अडकतं ते बहुतेकदा केबलमुळे. टॅब मध्येच रीस्टार्ट होतो, त्या क्षणी जोडणी सुटली की ४०१३ किंवा ४०१४ हा आकडा दिसतो. यूएसबी हब काढा, थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, दुसरी केबल वापरून बघा. चार्जिंग होतंय म्हणजे केबल चांगली, हा गैरसमज आहे. चार्जिंगच्या आणि डेटाच्या तारा वेगळ्या असतात. पॉवर सेटिंगमध्ये लॅपटॉपचं झोपणंही तेवढ्यापुरतं बंद करा. ३१९४ आला तर गोष्ट वेगळी: लॅपटॉप ॲपलच्या सर्व्हरपर्यंत पोचत नाहीये. व्हीपीएन बंद करा, अँटिव्हायरस थोडा वेळ थांबवा, होस्ट्स फाइलमध्ये (विंडोजची सर्व्हरच्या पत्त्यांची यादी) ॲपलच्या सर्व्हरची जुनी ओळ कुणी घातली असेल तर काढा.

टॅब काळ्या पडद्यावर अडकलाच तर रिकव्हरी मोड. नवव्या पिढीला होम बटण आहे, त्यामुळे केबल लावलेली असतानाच होम आणि वरचं बटण दोन्ही एकत्र दाबून धरा. सफरचंद दिसलं तरी सोडू नका, संगणक आणि केबलचं चित्र आलं की सोडा. लॅपटॉपवर 'अपडेट' की 'रिस्टोअर' असं विचारतील, आधी अपडेटच निवडा. इथे एक खोच आहे. डाउनलोडला १५ मिनिटांपेक्षा जास्त लागली तर टॅब रिकव्हरीतून आपोआप बाहेर पडतो. लोक घाबरून केबल उपटतात. डाउनलोड पूर्ण होऊ द्या, मग तीच बटणं पुन्हा दाबा.

आणि हो, मागे फिरता येत नाही. जुन्या आवृत्तीवर ॲपल सही करणं, म्हणजे ती बसवायला डिजिटल मंजुरी देणं, थांबवते, त्यानंतर ती फाइल हाताशी असली तरी बसत नाही. त्यामुळे नवी मोठी आवृत्ती आली त्याच दिवशी उडी मारू नका, पहिली दुरुस्ती येऊ द्या.

प्रतिसाद ३: फीतवाचक

'इरेझ अँड सिंक'चं कुणी बोललं नाही. आयपॅड संगीतासाठी एका वेळी एकाच लायब्ररीशी बांधलेला असतो. लॅपटॉप बदलला किंवा लायब्ररी नव्याने बनवली की त्याला ती परकी वाटते आणि तो हा प्रश्न विचारतो. होकार दिलात तर टॅबवरची सिंक केलेली गाणी जातात आणि नव्या लायब्ररीतली चढतात. म्हणून आधी १८ जीबी सगळं ॲपल म्युझिकमध्ये वाजतंय याची खात्री करा, मगच हो म्हणा.

तुमच्या बाबतीत खरी मेख हार्डडिस्कची. लायब्ररीत फाइलचा पत्ता असतो, फाइल नसते. डिस्क आज ई म्हणून जोडली गेली आणि उद्या एफ म्हणून, तर गाण्यासमोर उद्गारचिन्ह येतं आणि सिंक ते गाणं गाळून पुढे जातं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या डिस्कवर उजवी क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' निवडा. पूर्वी गाणी लायब्ररीत घेताना जे अक्षर होतं तेच द्या.

जागेचं म्हणाल तर सिंकमध्ये जास्त बिटरेटची (दर सेकंदाला जास्त डेटा खाणारी) गाणी १२८ केबीपीएसवर उतरवायची सोय आहे. पाच मिनिटांचं पद ३२० वर १२ एमबी, १२८ वर पाचच्या आत. सगळा संग्रह ३२० चा असेल तर १८ चे ७ जीबीच्या आसपास होतील. पहिलं सिंक मात्र रेंगाळतं, कारण प्रत्येक गाणं रूपांतर होऊन जातं. आवाजातला फरक टॅबच्या स्पीकरवर कळत नाही, चांगल्या हेडफोनवर तानपुऱ्याची जवारी जरा बोथट वाटते. मी असते तर अभंग १२८ वर टाकले असते आणि निवडक नाट्यपदं तशीच ठेवली असती, पण १२८ वर उतरवायची ती खूण सगळ्या गाण्यांना मिळून एकच आहे. निवडक पदं तशीच हवी असतील तर अभंगांच्या १२८ च्या वेगळ्या प्रती आधीच करून लायब्ररीत घ्याव्या लागतील.

षड्ज_पंचम:

आभारी आहे. ड्राइव्हचं अक्षर बदललेलंच निघालं, आता उद्गारचिन्हं गेली. टॅबवर काही गाणी करड्या रंगात दिसतात, दाबली तरी वाजत नाहीत. हे अपडेटच्या आधी निस्तरायचं की नंतर?

फीतवाचक:

आधी. ती अर्धवट चढलेली गाणी आहेत, जागाही अडवतात. 'सिंक म्युझिक'ची खूण काढून 'अप्लाय' करा, टॅब रीस्टार्ट करा, मोकळी जागा वाढली का बघा. मग अपडेट. गाणी सगळ्यात शेवटी, तीसुद्धा ४-५ जीबीच्या प्लेलिस्ट करून एकेक. कुठली प्लेलिस्ट अडकते ते कळलं की खराब फाइल सापडते.

रात्रपाळी:

अपडेटनंतर टॅब 'ट्रस्ट' विचारेल आणि पासकोड मागेल. पडदा उघडून ते दिल्याशिवाय लॅपटॉपला टॅब दिसणार नाही. तेव्हा ड्रायव्हर शोधायला धावू नका.