२००३ची डिझेल क्वालिस : ट्रॅफिकमध्ये थांबलं की एसी गार करत नाही

हिंगणघाटकर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे २००३ची टोयोटाची डिझेल क्वालिस आहे, पुढे-मागे दोन्हीकडे एसी असलेली. इंजिन ठणठणीत आहे, पासिंगही करून घेतलंय, त्यामुळे गाडी विकायचा विचार नाही. बाबांना दर महिन्याला नागपूरला तपासणीला न्यावं लागतं. मधल्या सीटवर त्यांना पाय पसरून आडवं होता येतं, आणि तेवढी जागा असलेली दुसरी गाडी आत्ता आमच्या ऐपतीत नाही.

हायवेला ऐंशीच्या स्पीडने चाललो की एसी छान चालतो. बुटीबोरीला ट्रकांच्या रांगेत अडकलो की पाच मिनिटांत जाळीतून कोमट हवा येते. गाडी हलली की पुन्हा गार. उभ्या गाडीत एसी लावला की इंजिन थरथरतं, तेही पूर्वी होत नव्हतं. मागचा एसी पुढच्यापेक्षा कमीच आहे.

मेकॅनिक दर उन्हाळ्यात गॅस भरून देतो. आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. यंदा तो म्हणतोय कंप्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) संपला, नवा टाका. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) तोंडावर आहे आणि बाबांना त्या उन्हात तसं नेववत नाही. कंप्रेसर बदलायचाच का? आणि मोठा कंडेन्सर (ग्रिलमागचा, एसीची उष्णता बाहेर सोडणारा भाग) बसवला की फरक पडतो म्हणतात, ते कितपत खरं?

अकोल्याचा एसीवाला

भाऊ, कंप्रेसरचे पैसे आत्ता देऊ नका. गाड्यांचे एसी हेच आमचं दुकान, वडिलांपासूनचं. विदर्भातल्या जुन्या डिझेल गाड्या मे महिन्यात हीच तक्रार घेऊन येतात आणि त्यातल्या पुष्कळ गाड्यांचे कंप्रेसर चांगले असतात.

पहिली गोष्ट, एसीचा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. लीक न शोधता नुसता भरत राहिलं तर तुमचे पैसे जातात आणि अंदाजाने जास्त भरला गेला तर कूलिंग आणखी पडतं. किती ग्रॅम भरायचा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं. तो वजनावर मोजून भरतात, प्रेशर मोजणाऱ्या गेजकडे बघत अंदाजाने नाही.

आता तुमच्या लक्षणाकडे येतो. चालत्या गाडीत गार आणि उभ्या गाडीत गरम, याचा अर्थ बहुतेक वेळा असा की आतली उष्णता कंडेन्सरमधून बाहेर पडत नाहीये. आपल्याकडे दुपारी बाहेरची हवाच ४४-४५ डिग्री, डांबरावरची त्याहून जास्त. तिच्यात उष्णता सोडायची तर कंडेन्सरमधला गॅस साठ-पासष्ट डिग्रीला असावा लागतो. हायवेला समोरून वारा मिळतो म्हणून जमतं. उभ्या गाडीत सगळी भिस्त फॅनवर. फॅनने हवा ओढली नाही की प्रेशर चढत जातं आणि शेवटी प्रेशर स्विच कंप्रेसरचा क्लच सोडून देतो, म्हणजे कंप्रेसर फिरायचा थांबतो.

हे घरीच तपासता येतं. दुपारी उन्हात गाडी चालू ठेवा, एसी फुल, दारं बंद. जाळीतून कोमट हवा यायला लागली की कोणाला तरी पुढच्या ग्रिलमधून कंडेन्सरवर मगाने हळूहळू पाणी ओतायला सांगा आणि तुम्ही आत हात धरून बसा. मिनिटभरात हवा गार झाली, तर बिघाड हवेच्या बाजूला आहे किंवा गॅस जास्त झालाय. कंप्रेसरवर लगेच संशय घ्यायचं कारण नाही.

मग ग्रिल काढा. तुम्ही हिंगणघाटचे, म्हणजे जिनिंगचा भाग. हंगामात तुमच्याकडच्या रस्त्यावर कापूस उडत असतो आणि तो कंडेन्सर-रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसतो. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो, पण मागून टॉर्च मारला तर रेडिएटरवर धूळ, तेल आणि कापसाचा गोधडीसारखा थर असतो. कंडेन्सरचे बोल्ट सोडून तो जरा पुढे घ्यायचा, नळ्या न सोडता जेवढा येईल तेवढाच, आणि मागून पुढे पाणी मारायचं. धुलाई सेंटरचा प्रेशर पाइप जवळून मारू नका, फिन्स आडव्या पडतात. ॲसिडवालं लिक्विडही नको, ॲल्युमिनियम खातं.

त्यानंतर फॅन क्लच, म्हणजे इंजिन तापलं की फॅनला इंजिनाबरोबर जोरात फिरवणारा भाग. इंजिन चांगलं गरम करा, बंद करा, चावी काढून खिशात ठेवा आणि मग फॅन हाताने फिरवा. अडून फिरला तर ठीक. नुसता भिरभिरला तर आतलं सिलिकॉन ऑइल गेलंय. अशी गाडी हायवेला तक्रार करत नाही, ट्रॅफिकमध्येच करते. दुसरी सोपी खूण म्हणजे इंजिन गरम असताना वर्तमानपत्राचं पान ग्रिलसमोर धरा. फॅन धड असेल तर पान ग्रिलला चिकटून राहतं.

आणि ते थरथरणं. त्याकडे तुमच्या मेकॅनिकने बघायला हवं होतं. या इंजिनाला एसी लावल्यावर रेस आपोआप थोडी वाढवणारा डायफ्रॅम डिझेल पंपावर असतो, व्हॅक्यूमवर चालणारा. आयडल, म्हणजे उभ्या गाडीतली रेस, सात-साडेसातशे आरपीएम असेल तर एसीला साधारण ९००पर्यंत जायला हवं. वीस वर्षांत त्याचा रबरी पाइप तडकतो किंवा निघून लोंबकळत असतो. मग इंजिन दबतं, कंप्रेसरही हळू फिरतो आणि फॅनही. बॉनेट उघडून कोणाला तरी एसी चालू-बंद करायला सांगा, लिव्हर हलतो का बघा. नसेल हलत तर पाइप नवा टाका, टेप गुंडाळून भागवू नका. तोच व्हॅक्यूम ब्रेकलाही लागतो.

तोवर बाबांना घेऊन निघालात तर रांगेत गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक लावा आणि रेस बाराशेच्या आसपास धरा. निघण्याआधी दोन-चार मिनिटं सगळ्या काचा खाली करून आतली तापलेली हवा जाऊ द्या, मग हवा आतल्या आत फिरवायचं बटण लावा.

सुमोवाली, संभाजीनगर

एसीवाले भाऊंनी सगळं नीट सांगितलंय, माझ्याकडून दोनच गोष्टी जोडते. आमची जुनी सुमो आहे. तिच्यात गार हवेला कोमट करणारा चोर हीटरचा कॉक निघाला. नॉब पूर्ण थंडवर असूनही केबल सैल पडल्याने कॉक अर्धवट उघडा राहायचा आणि उकळतं पाणी हीटरमधून फिरायचं. हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही पाइपना हात लावून बघा, पण जपून, भाजतं. कॉक बंद असताना दोन्ही सारखेच कडकडीत लागले तर तिथेच बघा.

दुसरं गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर. ते फाटलं की इंजिन आणि गिअरबॉक्सची गरम हवा थेट पायावर येते. रबर फार महाग नसतं. मी त्याखाली फेल्टही घातलं. वडील मध्ये आडवे असतात म्हणता, तर फ्लोअर मॅटखालीही घाला.

काळ्या फिल्मच्या फंदात मात्र पडू नका, दादा. सुप्रीम कोर्टाने २०१२ साली काचांवरच्या फिल्मला मनाई केल्यापासून हायवेला दंड ठरलेला. मधल्या खिडकीला काढता-घालता येणारा जाळीचा पडदा बाबांपुरता लावून बघा, पण तोही पोलिसांनी सांगितलं की काढायची तयारी ठेवून.

हिंगणघाटकर

दोघांचेही मनापासून आभार. पाणी ओतल्याबरोबर हवा गार झाली, घरात सगळे बघतच राहिले. व्हॅक्यूमचा पाइप टोकाला चिरलेला होता, नवा टाकला, आता एसी लावला की रेस वाढते आणि थरथर थांबली. कंडेन्सरमागून ओंजळभर कापूस निघाला. फॅन अडूनच फिरतो. हीटरचा कॉक ठीक आहे.

उभ्या गाडीत आता बराच फरक आहे, पण भर दुपारी रांग लांबली तर अजून हवा कोमट होते. आणि मागचा एसी तसाच. आता मोठा कंडेन्सर?

अकोल्याचा एसीवाला

आधी गेज लावून घ्या, तेही दुपारी. सकाळी सातला लावलेल्या गेजला आपल्याकडे अर्थ नाही. रेस दीड हजारावर धरून लो साइड (कंप्रेसरमध्ये शिरणाऱ्या गॅसचं प्रेशर) ३५-४५ पीएसआय आणि हाय (बाहेर पडणाऱ्या गॅसचं) २५०-३००च्या दरम्यान असेल तर एवढ्या उन्हात ते योग्यच आहे. लो आणि हाय दोन्ही चढलेले असतील तर गॅस जास्त आहे किंवा आत हवा शिरलीय. दर वर्षी टॉप-अप झालेल्या गाडीत मला हाच संशय येतो. सगळा गॅस मशीनवर काढून घ्यायचा, नायट्रोजनने लीक शोधायचा, जोडांमधल्या रबरी ओ-रिंग आणि ओलावा शोषणारा फिल्टर ड्रायर नवे टाकायचे, अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम मारून आतली हवा काढायची आणि वजनावर भरायचं. लो साठ-सत्तरला आणि हाय दीडशेच्या आत राहिला, तरच तुमचा मेकॅनिक बरोबर आणि कंप्रेसर थकलाय.

कंडेन्सर बदलण्याआधी आहे तो कोणता ते बघा. दोन्ही कडांना उभे पाइप आणि त्यांच्यामध्ये आडव्या बारीक चपट्या नळ्या दिसल्या तर तो पॅरलल फ्लोच (गॅस एकाच वेळी अनेक नळ्यांतून जाणारा) आहे, मोठा घालून फार हाती लागणार नाही. एकच नळी नागमोडी वर-खाली फिरलेली असेल तर मात्र पॅरलल फ्लोने खरोखर फरक पडतो. दुकानात गाडी नेली की आणखी एक बघून घ्या : कंडेन्सर आणि रेडिएटरच्या कडांना स्पंजची पट्टी असते. ती गळून पडली असेल तर उभ्या गाडीत रेडिएटरची गरम हवा वळसा घालून पुन्हा पुढे येते. नवी पट्टी मी प्रत्येक जुन्या गाडीत लावतोच.

एवढं करूनही रांगेत कमी पडलं तर कंडेन्सरपुढे बारा इंची इलेक्ट्रिक फॅन, रिलेवरून, बॅटरीकडून स्वतंत्र वायर आणि फ्यूज घालून. बसवल्यावर कागद धरून हवा इंजिनाकडेच जातेय याची खात्री करा. दोन वायर उलट लागल्या तर तो इंजिनाच्या फॅनविरुद्ध हवा फेकतो आणि काही ठिकाणी हे तसंच राहून जातं.

मागच्या एसीला वेगळी कूलिंग कॉइल आणि वेगळा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा) आहे. ब्लोअर फुल असून हवाच कमी येत असेल तर कॉइल धुळीने भरलीय, उघडून धुवावी लागेल. हवा भरपूर पण गार नसेल तर व्हॉल्व्ह बघा. ते काम गॅस काढलेला असतानाच करून घ्या म्हणजे दुसऱ्यांदा सिस्टिम उघडावी लागणार नाही. आणि भरताना गॅसचा डबा सील फोडून तुमच्यासमोर लावायला सांगा. बाजारात स्वस्तातल्या डब्यात पेट घेणारा गॅस मिसळलेला असतो, तो बाबांच्या गाडीत नको.