रंग, वंश आणि घरातली माणसं : तुमचे अनुभव लिहाल का?

मी न्यू जर्सीत राहते, माहेर साताऱ्याचं, नवरा जॉर्जियातला आफ्रिकन अमेरिकन. गेल्या महिन्यात मुलगा 17 चा झाला, लायसन्स आलं, आणि त्याच संध्याकाळी नवऱ्याने त्याला ड्राइव्हवेतल्या बंद गाडीत बसवून तासभर शिकवलं. पोलिसांनी थांबवलं तर आतला दिवा लाव, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेव, कागद काढायच्या आधी तोंडाने सांग की आता मी हात खणाकडे नेतोय. मी दारात उभी राहून ऐकत होते. मी साताऱ्यात गाडी शिकले तेव्हा बाबांनी फक्त क्लच आणि चढ शिकवला होता.

शाळेच्या फॉर्मवर तो एशियन आणि ब्लॅक दोन्हीवर खूण करतो, जनगणनेतही 2000 पासून तसं करता येतं, पण रात्री रस्त्यावर त्याचा फॉर्म कोण बघणार? ओळखीतले एक काका 1969 ला इथे आलेत. 1970 च्या जनगणनेत आपल्या लोकांना गोऱ्यांतच धरलं होतं, 'एशियन इंडियन' हा वेगळा रकाना 1980 ला आला. काका म्हणतात, या काळ्या-गोऱ्याच्या भानगडीत आपण कशाला पडायचं. मला आता तसं म्हणताच येत नाही.

आणि हे फक्त बाहेरचं नाहीये. मुलगी 5 वर्षांची असताना आई आली होती, रोज दुधाची साय आणि डाळीचं पीठ लावायची तिला, उजळेल म्हणून. कोरड्या केसांतून फणी ओढायची, पोर रडायची, आणि आई म्हणायची काय या जटा. सासूबाईंनी दोघींना समोर बसवून दाखवलं की केस ओले करायचे, भरपूर कंडिशनर, टोकापासून वर वर जायचं, मग भांग पाडून बारीक वेण्या. आई दोन रविवार नुसती बघत बसली, तिसऱ्या रविवारी तिने स्वतः घातल्या. जटा हा शब्द परत तिच्या तोंडून ऐकला नाही. तुमच्याकडे काय झालं ते लिहा, मोडकंतोडकं चालेल.

*

मी डिमोना, इस्रायलहून. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मूळ पेणचे. कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणायचे कारण शनिवारी घाणा बंद. आजोबा इथे आले ते आपल्या माणसांत आलो म्हणून, आणि 1962 मध्ये नियम निघाला की आमच्यापैकी कुणाला दुसऱ्या ज्यूशी लग्न करायचं तर आई, आजी, पणजी अशी मागची चौकशी होणार. आत्याचं लग्न त्यात अडकलं. 1964 ला आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं तेव्हा आजोबा होते तिथे, मग सरकारने सांगितलं की हे सगळ्या बाबतीत पूर्ण ज्यू.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. आमच्यातच गोरा इस्रायल आणि काळा इस्रायल होते. काळा म्हणजे ज्यांची आई मूळची समाजाबाहेरची असं मानायचे ते, त्यांच्यात मुली द्यायच्या नाहीत. आजी हे अगदी सहज सांगायची, मलिद्याचं ताट लावता लावता. मी एकदा विचारलं, आत्याला जे झालं ते तेच नाही का गं. आजी काहीच बोलली नाही, आणि त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. मी जास्त विचारायला हवं होतं, आता ती नाही.

*

नागपूर. माझ्या लग्नाच्या जाहिरातीत आईने निमगोरी लिहिलं होतं. मी सावळी आहे. मुलाकडच्यांनी दारातच एकमेकांकडे बघितलं ते 22 वर्षांनी पण आठवतं. बाकी काही नाही.

*

मी मूळ इम्फाळची, पुण्यात शिकायला आले, आता कोथरूडमध्ये संसार आहे, मराठी मी नवऱ्याच्या आधी मेसच्या काकूंकडून शिकले. ऑगस्ट 2012 मध्ये आमच्या ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार अशा अफवा उठल्या तेव्हा मी पण गुवाहाटीच्या गाडीत बसले होते, डब्यात सगळी आमच्याकडचीच पोरं, कुणी बोलत नव्हतं. परत आले कारण परीक्षा होती. मार्च 2020 मध्ये भाजी घेताना मागून कुणीतरी कोरोना म्हणून ओरडलं, आणि 8 वर्षं मला ओळखणारी भाजीवाली मावशी खाली बघून जुडी बांधत राहिली. त्या ओरडणाऱ्यापेक्षा मावशीचं जास्त लागलं.

सासूबाई रत्नागिरीच्या. लग्नानंतर पहिल्यांदा मी एरोंबा केला, त्यात ङारी म्हणजे आंबवलेली मासळी असते, वास घरभर. आधीच्या घरमालकाने यावरून खोली सोडायला लावली होती म्हणून मी घाबरून खिडक्या उघडत होते. त्या आत आल्या, वास घेतला, आणि फडताळातून सुकटीचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला, म्हणाल्या हा घे, आमचा.

*

धागा काढणारीच परत लिहितेय, तुमचं सगळं दोनदा वाचलं. काल मुलगा पहिल्यांदा एकटा गाडी घेऊन मित्राकडे गेला, साडेदहा वाजले तरी आला नव्हता. साताऱ्यात सकाळ, आईचा व्हिडिओ कॉल आला, इतक्या उशिरा जागी का विचारलं. मी पहिल्यांदाच तिला ते हात स्टिअरिंगवर ठेवायचं सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, तो येईपर्यंत फोन ठेवू नकोस.